पुस्तकाचे इतर उपयोग

पुस्तक हे वाचण्यासाठी असतं, असा एक समज शहरांत आहे. आमच्या गारगोटीत पुस्तकाला एवढ्या हलक्या कामावर सोडत नाहीत. इथं पुस्तक सत्कारात देतात. सत्कारात आलेलं पुढच्या सत्कारात देतात. काचेच्या कपाटात पाठी बाहेरून नीट दिसतील अशी लावतात, म्हणजे सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांना घर शिकलेलं वाटतं. पुस्तकात सोसायटीची पावती ठेवतात, ऊसबिलाची चिठ्ठी ठेवतात, सातबाऱ्याची झेरॉक्स ठेवतात आणि घरात कुणाला सापडू नये अशी पाचशेची नोटही ठेवतात. घरात कुणीही हात घालणार नाही अशी जागा तेवढीच असते. उन्हाळ्यात लाईट गेली की पुस्तकानं वारा घेतात, पावसाळ्यात खिडकी आपटू नये म्हणून मध्ये पुस्तक घालतात. आणि उसनं पुस्तक मागायला जाणं हे तर कुणाच्याही घरी ऐन चहाच्या वेळी टपकण्याचं सर्वांत सभ्य कारण आहे.

एवढी कामं उरकून वेळ राहिलाच, तर वाचतातही.

अशा गावात मी ई-बुक रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र घेतलं. यंत्र उत्तम आहे. पाव किलोच्या आत वजन, आत हजारो पुस्तकं मावतात, उन्हात स्वच्छ दिसतं, अंधारात स्वतःचा दिवा आहे. अडचण एकच. त्यावर फक्त वाचता येतं. पुस्तकाचे जे इतर उपयोग वर सांगितले, त्यातला एकही या यंत्रातून होत नाही.

आता निवडीचं. गारगोटीत एकट्यानं काही विकत घ्यायची पद्धत नाही. म्हैस असो, ट्रॅक्टर असो की जावई, चार जाणती माणसं बघून जातात, मग व्यवहार ठरतो. यंत्राच्या बाबतीतही मंडळी जमली. आमच्या गल्लीतले निवृत्त एस.टी. कंडक्टर तात्या यांनी अध्यक्षस्थान न सांगता घेतलं.

"ह्येच्यावरनं फोन लागतोय काय?"

"नाही."

"कॅमेरा?"

"नाही."

"व्हॉट्सअॅप तरी?"

"नाही, तात्या."

"रंग?"

"काळा आणि पांढरा."

"आणि किंमत?"

२०२५ साली अॅमेझॉनचं नवं किंडल पेपरव्हाइट हे यंत्र भारतात आलं तेव्हा त्याची किंमत १६,९९९ रुपये होती. आकडा ऐकून सभेत थोडा वेळ शांतता पसरली. मग तात्या म्हणाले, "ह्या पैशात चांगलं रेडकू येतंय. रेडकू उद्या म्हस हुईल, गोकुळला दूध घालशील. ह्ये मोठं होऊन काय हुणार?"

या प्रश्नाला ना कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर होतं, ना माझ्याकडे.

खरं तर निवड करायला फार वाव नसतो. २००४ साली सोनीनं जपानमध्ये असं एक यंत्र काढलं. १९ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत किंडल विक्रीला आलं. ३९९ डॉलर किंमत असूनही साडेपाच तासांत सगळा माल संपला. भारतातल्या दुकानांत ते २०१२ साली आलं. कोबो नावाचं कॅनडाचं यंत्रही चांगलं आहे, पण ते आपल्याकडे सहज मिळत नाही. त्यासाठी परदेशात एखादा भाचा असावा लागतो. माझे भाचे कागल एमआयडीसीच्या पलीकडे गेलेले नाहीत. त्यामुळे किंडलची निवड झाली, ती भाच्यांच्या कर्तबगारीवर.

घेणाऱ्यानं तीन गोष्टी तेवढ्या बघाव्यात. एक, पडद्याचा आकार. सहा-सात इंचांचा पडदा कादंबरीला पुरतो, पण स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकाला पुरत नाही. दोन, पडद्याला स्वतःचा उजेड आहे का. आमच्या भुदरगड तालुक्यात पाऊस आला की आधी लाईट जाते आणि मग ढग गरजतो, तेव्हा बिनदिव्याचं यंत्र घेऊ नये. तीन, आपल्याला हवी ती मराठी पुस्तकं त्यावर मिळतात का. ही तिसरी गोष्ट सगळे सर्वांत शेवटी बघतात.

यंत्र घरी आल्यावर त्याला कव्हर बघावं म्हणून स्टँडजवळच्या एका मोबाईल शॉपीत गेलो. पोरगं हुशार होतं. यंत्र उलटसुलट करून बघितलं, पडद्यावरचं चित्र न्याहाळलं आणि म्हणालं, "सर, स्टिकर अजून काढला न्हाईसा?" म्हणेपर्यंत त्यानं नखानं कोपरा खरवडायला सुरुवातही केली होती.

मी म्हटलं, "अरे, स्टिकर नाही तो. पडदाच आहे."

"पण बंद हाय की मशीन."

"बंदच आहे."

"मग चित्र कसं दिसालंय?"

मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. या पडद्यात केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पातळ द्रव आणि त्यात तरंगणारे दोन जातींचे कण. पांढऱ्यांवर एका जातीचा विद्युतभार, काळ्यांवर त्याच्या उलट. खालून विजेचा जोर एका बाजूनं लावला की पांढरे वर येतात, उलटा लावला की काळे. वर आलेल्या काळ्यांची अक्षरं होतात आणि पांढऱ्यांचा कागद. एकदा कण जागेवर बसले की पुढं वीज लागत नाही. पान उलटायच्या वेळी काय लागेल तेवढीच. मोबाईलचा पडदा डोळ्यांत उजेड मारतो. हा बाहेरचा उजेड कागदासारखा परत पाठवतो, म्हणून दुपारच्या उन्हात जास्तच चांगला दिसतो. अमेरिकेतल्या एमआयटीत हे सुचलं आणि १९९७ साली त्याची कंपनी निघाली.

पोरानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि चार्जिंग पार संपल्यावर?"

"तरी चित्र तसंच राहणार."

"आयला! म्हणजे मेल्यावरबी चालूच."

असं म्हणून त्यानं फळीवरची टेम्पर्ड ग्लास काढली. मी नको म्हटलं. अशी चकचकीत काच बसवली की उन्हात तिच्यात आपलाच चेहरा दिसायला लागतो आणि यंत्र ज्यासाठी घेतलं तेच हातचं जातं. त्याला ते पटलं नाही. काच न लावता कुणी पडदेवाली वस्तू दुकानाबाहेर नेली, ही गोष्ट त्याच्या धंद्यात पहिल्यांदाच घडत होती.

चार्जिंगचा विषय निघाला म्हणून सांगतो. साध्या किंडलच्या जाहिरातीत एकदा चार्ज केलं की सहा आठवडे चालतं असं म्हटलेलं असतं. खाली बारीक टाइपात अट असते: रोज अर्धा तास वाचलं तर. बेचाळीस दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे झाले एकवीस तास. सहा आठवडे ऐकून माणूस भारावतो, एकवीस तास ऐकून भारावला नसता. पण मला कंपनीच्या हिशेबापेक्षा तिच्या गृहीतकाचं कौतुक वाटलं. जगातला पुस्तकवेडा माणूस, ज्यानं एवढे पैसे मोजून खास वाचायचं यंत्र घेतलं, तो दिवसाला अर्धाच तास वाचणार हे तिला आधीच ठाऊक आहे. गारगोटीचा हिशेब धरला तर एका चार्जिंगवर माणूस निवृत्त होईल.

दुसरी ऐट पाण्याची. पेपरव्हाइट गोड्या पाण्यात दोन मीटर खोल तासभर राहिलं तरी बिघडत नाही म्हणतात. आमच्या वेदगंगा नदीचं पाणी गोडं आहे, तेव्हा अट पुरी होते. फक्त दोन मीटर खोल पाण्यात तासभर जो वाचत बसेल, त्याच्या यंत्राची चौकशी करायला नंतर कोण येणार, एवढं कळलं नाही.

आमच्याकडे पुस्तकाला बुडण्याची भीती नाही. भीती आहे ती सादळण्याची. जूनपासून हवा अशी ओली होते की पान उलटताना आवाज येत नाही. कपाटातल्या पुस्तकांना बुरशीचा वास येतो, पुठ्ठे वाकतात, बांधणीच्या खळीला कसर लागते आणि भिंतीतून वाळवी येऊन थेट तिसऱ्या खंडापासून वाचायला सुरुवात करते. पाऊस सरल्यावर अंगणात भाताशेजारी पुस्तकं वाळत घातलेली मी बघितली आहेत. यंत्राला यातलं काही होत नाही. आमच्या घरी या गुणाची दखल सर्वांत आधी सौ.नं घेतली. "पुसायला एकच वस्तू," ती म्हणाली, "मग ही बाकीची रद्दीत घालूया काय?" त्यानंतर काही दिवस मी कपाटाला कुलूप लावून फिरत होतो.

यंत्र झालं, आता आत घालायला पुस्तकं. इंग्रजी वाचणाऱ्याला इथं मेजवानी आहे. मराठीवाल्याला पाट मांडलेला आहे, ताटही आहे, वाढपी अजून लांब आहे. किंडलच्या दुकानात मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम पुस्तकांचं दालन सुरू झालं ते डिसेंबर २०१६ मध्ये. गाजलेल्या कादंबऱ्या मिळतात, चरित्रं मिळतात, करोडपती कसे व्हावे हे सांगणारी पुस्तकं तर न मागता पुढं येतात. पण एखादा जुना कथासंग्रह, एखादं प्रवासवर्णन शोधायला जावं, तर यंत्र नम्रपणे दुसरंच काहीतरी सुचवतं.

गंमत अशी की मराठी पुस्तकं गेली कित्येक वर्षं संगणकावरच जुळवली जातात. तरीही ती सरळ यंत्रात उतरत नाहीत, कारण जुळवणी झाली ती श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटांत. छापल्यावर कागदावर 'क' उमटला, तरी संगणकाच्या लेखी तो भलत्याच कुठल्यातरी भाषेतला स्वल्पविराम असतो. असा मजकूर युनिकोडात आणताना जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या शेजारच्या घरी राहायला जातात. मग भुदरगडचा 'किल्ला' हा 'कल्लिा' होऊन उभा राहतो. शत्रूला जे जमलं नाही ते फाँटनं केलं.

फुकट मिळणाऱ्या पुस्तकांची मात्र चंगळ आहे. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं मोफत देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी दुर्मिळ प्रकाशनं संकेतस्थळावर मोकळी ठेवली आहेत. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचे वीस खंड पूर्वी घरात ठेवायचे तर घराला खण वाढवावा लागला असता. आता त्यातल्या नोंदी घरबसल्या वाचता येतात. शिवाय लेखक जाऊन साठ वर्षं लोटली की त्याचं लेखन हक्कमुक्त होतं. हरिभाऊ आपटे आणि गडकरी दोघेही १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५०ला; ते सगळे मोकळे झाले. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे ते २०३७ला मोकळे होतील. पुलं २०६१ला.

हे मी तात्यांना सांगितलं. तात्यांनी मनात वयाची बेरीज केली. "खांडेकरांसाठी थांबतो," ते म्हणाले. "पुलंचं मात्र तू बघ."

फुकटात एक काटा आहे. ही पुस्तकं बहुतेक पीडीएफमध्ये असतात, आणि त्यातलीही जुनी म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो. फोटोतलं अक्षर यंत्राला अक्षर म्हणून ओळखू येत नाही, त्यामुळे ते मोठं करता येत नाही; मोठा होतो तो फोटो. मी मोठ्या अभिमानानं कोठारी आयोगाचा अहवाल उघडला. अभिमान अशासाठी की १९६४ ते ६६ या काळात त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आणि गारगोटीचं मौनी विद्यापीठ हे त्यांचंच काम. भारताचं शिक्षण कसं असावं हे सांगणारा तो जाडजूड ग्रंथ सहा-सात इंचांच्या पडद्यावर आला आणि तक्ते मुंगीएवढे झाले. मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते. मग ओळीचा पहिला निम्मा वाचायचा, पान बोटानं डावीकडे ओढायचं, उरलेला निम्मा वाचायचा, पान उजवीकडे ओढायचं. राष्ट्राच्या शिक्षणाचा विचार मी ओढत ओढत दोन प्रकरणं पुढं नेला आणि मग राष्ट्रावर सोपवला. ज्याला असे ग्रंथ वाचायचे आहेत त्यानं दहा इंचांचं यंत्र घ्यावं, किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसावं. तिथं अहवाल ओढावा लागत नाही.

बाकी संगणक जाणणारे 'कॅलिबर' वापरतात. कोविद गोयल या भारतीय वंशाच्या गृहस्थांनी २००६ साली सुरू केलेली ही मोफत प्रणाली एका जातीचं ई-पुस्तक दुसऱ्या जातीत बदलून देते. महाराष्ट्रात जात बदलून देणारी एवढी बिनतक्रार यंत्रणा दुसरी नाही. दाखलासुद्धा मागत नाही.

विकत घेतलेल्या पुस्तकाची गोष्ट वेगळी. तिथं 'खरेदी करा' असं बटण असतं; अटी वाचल्या तर कळतं की घेतलं ते पुस्तक नव्हे, वाचण्याचा परवाना. थोडक्यात, या यंत्रावर आपण कूळ म्हणून असतो. मालकी कंपनीची, वहिवाट आपली. १ एप्रिल १९५७ रोजी कृषक दिन आला आणि कूळकायद्यानं कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं. वाचणाऱ्यांचा असा दिवस अजून उजाडायचा आहे. उलट जुलै २००९ मध्ये अमेरिकेत असं झालं की हक्क नसलेल्या कुणीतरी विकलेलं एक पुस्तक अॅमेझॉननं लोकांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतलं आणि पैसे परत केले. लोक सकाळी उठून बघतात तर पुस्तक गायब. एका शाळकरी मुलानं त्यावर केलेली टिपणं निकामी झाली म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. आणि नाहीसं झालेलं ते पुस्तक कोणतं, तर जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४', ज्यात सरकार नको ते कागद गुपचूप भट्टीत घालतं. आमच्याकडे कुळाला काढायचं म्हटलं तर मामलेदार कचेरीत दोन पिढ्या जातात. तिथं एका रात्रीत ताबा. फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून ठेवायची सोयही किंडलनं बंद केली. म्हणजे उताऱ्याची नक्कल मिळायची तीही गेली.

गारगोटीला हे सगळं उलटं वाटतं. तिकडे विकलेलं पुस्तक परत गेलं. इथं नुसतं वाचायला दिलेलं पुस्तक मागूनही परत येत नाही.

यंत्राचा खरा घोटाळा चारचौघांत गेल्यावर कळतो. कागदी पुस्तक हातात असलं की गारगोटी-कोल्हापूर गाडीत मुदाळतिट्टा यायच्या आत शेजारचा माणूस मुखपृष्ठ वाचतो, लेखकाचं गाव विचारतो, त्या गावातला आपला पाहुणा सांगतो आणि शेवटी आपलंच नातं निघतं. यंत्रावर मुखपृष्ठ दिसत नाही. आत काय चाललंय ते कुणाला कळत नाही. पूर्वी पोरं भूगोलाच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकर लपवून वाचायची. ती सोय आता कायमची झाली, पण लपवायचं वय निघून गेलं. याउलट ज्यांना दाखवायचं असतं त्यांची फार कोंडी होते. आमचे एक परिचित साहेब विद्वत्ता काखेत घेऊन फिरत. पुस्तक जितकं जाड तितकी चाल संथ. यंत्रात महाभारत आणि पंचायत समितीचं माहितीपत्रक सारख्याच जाडीचं. त्यांनी ते हातात घेऊन तोललं आणि एकच शब्द म्हणाले, "हलकं आहे." पुन्हा कधी विषय काढला नाही.

पानाऐवजी टक्के दाखवायची यंत्राची खोडही आमच्याकडे धोक्याची. कुठवर आलं असं विचारलं तर माणूस सांगतो, त्रेचाळीस टक्के. आमच्या अनेक पिढ्या पस्तीस टक्क्यांना पास झाल्या. छत्तिसाव्या टक्क्याला पुस्तक मिटून पुढच्या वर्गात जायचा मोह होतो.

सत्काराचं तर अवघडच. हल्ली 'बुके नको, बुक द्या' अशी चांगली चाल पडली आहे. समजा ती पुढं नेऊन कुणी ई-पुस्तक द्यायचं ठरवलं. निवृत्त होणारे गुरुजी फेटा बांधून, शाल पांघरून, नारळ सांभाळत उभे आहेत. फोटोग्राफर एका गुडघ्यावर बसला आहे. आणि निवेदक पुकारतो: सन्माननीय सरांच्या ई-मेलवर पुस्तक रवाना झालेलं आहे, जोरदार टाळ्या! अध्यक्षांनी हात पुढं केला आहे, सरांनीही केला आहे, मध्ये द्यायला काही नाही. फोटोत दोघं कुस्तीची सलामी देताहेत असं दिसणार. शिवाय आलेलं पुस्तक सरांना पुढच्या सत्कारात देता यायचं नाही ते वेगळंच. गावातला अर्धा ग्रंथव्यवहार एका फटक्यात ठप्प.

वाचनाला एकांत मिळावा हीही एक अपेक्षा असते. आमचं विद्यापीठ पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावानं आहे. मौनाला गावानं एवढा मान दिला, आणि देऊन झाल्यावर बोलायला सुरुवात केली ती अजून थांबलेली नाही. कट्ट्यावर कागदी पुस्तक घेऊन बसलं तर लोक निदान वाचतोय म्हणून दोन मिनिटं वाट बघतात. यंत्र घेऊन बसलं तर मोबाईल बघतोय म्हणून लगेच शेजारी येऊन बसतात. पुढची गोष्ट अशीच घडली.

"काय बघालाईस रे?" तात्यांनी विचारलं.

"बघत नाही तात्या, वाचतोय. 'स्वामी'."

"रणजित देसाईंचं? कोवाडचं?" तात्या सरसावले. आपल्या जिल्ह्यातला लेखक म्हटल्यावर यंत्राबद्दलचा राग जरा निवला. "कंडक्टर होतो तवा मुक्कामाच्या गाडीत वाचल्याला. आता डोळ्यानं दिसत न्हाई बाबा. एक मोतीबिंदू काढला, एक हाय."

मी अक्षर वाढवून यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी लांब धरलं, जवळ धरलं. "अजून." मी आणखी वाढवलं. "अजून." असं करत अक्षर शेवटच्या पायरीला गेलं. पडद्यावर पाच-सहा शब्द मावू लागले. पेशवाईतलं एखादं लांबलचक नाव आलं की एकट्यानं अख्खी ओळ अडवायचं. तात्यांचा चेहरा उजळला. एका हाताचं बोट पडद्याच्या कडेला लावून ते झराझर पुढं निघाले. पंचवीस-तीस वर्षं तिकिटं फाडल्याचा सराव बोटाला होताच.

संध्याकाळी त्यांनी कट्ट्यावर जाहीर केलं, "आज सातशे पानं वाचली."

कुणाचा विश्वास बसेना. मी साक्ष दिली. ते खरंच होतं. पानात सहा शब्द असले तरी पान ते पानच. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात सर्वांत मोठे वाचक म्हणून तात्यांचं नाव झालं. आणि विनोद बाजूला ठेवला तर ज्या माणसानं डोळ्यांपायी पुस्तक हातात धरायचं सोडलं होतं, तो रात्री लाईट गेल्यावर यंत्राच्या उजेडात थोरल्या माधवरावांच्या आजारपणापाशी येऊन अडला आणि काकूंना म्हणाला, जेवायला नंतर वाढ. मोठ्या टाइपातली मराठी पुस्तकं शोधायला कोल्हापूर पालथं घातलं तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळतात. फोटोवाली सोडली तर या यंत्रात प्रत्येक पुस्तक मोठ्या टाइपातलं असतं. तात्यांच्या रेडकाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं: हे मोठं होत नाही, पण यातलं अक्षर होतं.

यंत्र मी परत मागितलं. "आणून देतो की. एवढं संपू दे." ते संपलं, तर मधल्या काळात काकूंनी सुरुवात केली होती. "मी अजून निम्मंच वाचलोय," काकू म्हणाल्या, "मधनं कसं देऊ?" काकूंचं होतंय तोवर त्यांच्या जावेनं नंबर लावला. आता यंत्र नेमकं कुठल्या घरात आहे ते मला गल्लीतल्या पोरांना विचारावं लागतं. त्याच्या कव्हरच्या खिशात परवा दूध संस्थेचं पासबुक सापडलं म्हणे. दुपारी लाईट गेल्यावर काकूंनी त्यानं वाराही घेतला. यंत्राला पुस्तकाचे इतर उपयोग नाहीत असं वर लिहिलंय ते खोडावं की काय, या विचारात मी आहे.

माझ्याकडे आता फक्त मागण्या येतात. अमुक कादंबरी घाल, तमुक चरित्र घाल, जावेला पाककृतींचं पाहिजे. खातं माझ्या नावावर असल्यामुळे पैसे माझे जातात. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ साली झाला आणि त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. आमचं कशात बसतं ते एकदा चौकशी करून बघायला हवं. ग्रंथसंग्रह आहे, वाचक आहेत, पुस्तकांच्या देवघेवीला तर तोड नाही. फक्त ग्रंथपालाला वाचायला पुस्तक मिळत नाही, आणि यादीत माझा नंबर तात्यांच्या सुनेनंतर आहे.